दिलाशाचे अंदाज

समुद्र पुढे किती चढेल याबद्दल वेगवेगळ्या हवामान मॉडेल्सनी दिलेले अंदाज तिने आजवरच्या प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहिले. दिलासा देणारे अंदाज एकामागून एक बाद झाले. कुठेतरी चूक सापडेल या आशेने तिने पुन्हा ताडलं. चूक नव्हतीच.

"अभिनंदन! एवढी अनिश्चितता एका फटक्यात कमी केलीस!" सहकारी म्हणाले.

तिचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. जिन्यात येऊन तिने भावाला फोन लावला.

"दादा, किनाऱ्यावरच्या घराचा पाया खणायला घेतलास का?"

"उद्यापासून घेतोय. का गं? तूच म्हणाली होतीस ना, नक्की काही सांगता येत नाही म्हणून?"

तिने कठडा घट्ट धरला.

"तेव्हा खरंच सांगता येत नव्हतं, दादा."