कासवाची सुई

समुद्री कासवं जन्मल्या किनाऱ्यावर कशी परततात, ते शास्त्रज्ञांनी शोधून काढलं, आणि परदेशातली पोरं तसली सुई टोचून घेऊन घरी येऊ लागली. जयवंतनेही घेतली. "आई आठवायला सुई लागते मेल्याला!" म्हणत मथुराबाईंनी सकाळपासून घावणे घातले.

दुपारी फोन आला. भांडणानंतर कित्येक वर्षांनी भावजय बोलत होती.

"वन्सं, जयवंत आमच्याकडे आलाय. तुमच्या दारावरूनच आला, पण म्हणतो, पाय थांबेनात. बाळंतिणीच्या खोलीत बसलाय, उठतच नाही."

मथुराबाईंनी कपाळावर हात मारला. "पहिलं बाळंतपण माहेरी होतं, एवढंही त्या दीडशहाण्यांना ठाऊक नाही?"

"मग येताय? की आमचा उंबरा न चढण्याची शपथ आहे अजून?"

"तुझा उंबरा घाल चुलीत! मी माझ्या पोराकडे येतेय."

घावणे डब्यात भरून त्या निघाल्या. वाटभर त्यांनी कासवांना, शास्त्रज्ञांना आणि भावजयीला शिव्या मोजल्या. शिव्यांच्या नादात तिठा मागे पडला, तरी पाय बरोबर माहेरच्याच वाटेला लागले होते. त्यांना तर कुणी सुई टोचली नव्हती.