भाव उतरेपर्यंत

“जिना आहे,” बायको म्हणाली आणि फोन शिंप्याच्या हातात परत दिला.

फोनवर परदेशातलं घर होतं. मुलीनं फिरून फिरून दाखवलेलं. दोन खोल्या, भरपूर उजेड, आणि मुलीच्या घरापासून जवळ. त्यात तिकडच्या चलनाचा भाव त्या दिवशी कधी नव्हे इतका उतरला होता. शिंपी रोज दाढीच्या आधी भाव बघायचा. दुकान विकून आलेले पैसे बँकेत पडून होते. भाव उतरला की त्यात अख्खं घर बसायचं. चढला की स्वयंपाकघर जायचं. आणखी चढला की नुसता उंबरा उरेल, असं तो म्हणायचा. विकायला दुसरं दुकान नव्हतं.

“चार पायऱ्यांनी काय होतंय?” तो म्हणाला. “तुझे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत.”

“तेच तर,” ती म्हणाली आणि भांडी आवरायला गेली.

मुलीनं दुसरं घर शोधलं. तळमजल्यावरचं. भाव अजून खालीच होता. बायकोनं विचारलं, जवळ खानावळ आहे का? नव्हती. कपडे धुऊन देणारं दुकान? तेही लांब. मग नको.

शिंप्यानं कपाळाला हात लावला. जन्मभर जिनं बाहेरच्या जेवणाला नावं ठेवली, ती बाई आता खानावळीच्या शेजारी घर मागत होती.

“तिकडे जाऊन महाराणी होणार आहेस का?”

“मी कशाला होऊ? सोय बघावी माणसानं.”

तिसरं घरही गेलं. तिथून मुलीकडे जायला वळणं फार होती. माणूस चुकतो, असं बायकोचं म्हणणं. मी काय कुक्कुलं बाळ आहे का, असं शिंप्यानं विचारलं. त्यावर तिनं बाजारातून येताना मागच्या गल्लीत शिरून भलत्याच दाराची कडी वाजवणारा माणूस कोण, ते विचारलं. तो विषय तिथेच संपला.

बरं, महाराणीची तयारी इकडेही सुरू होती. आधी सकाळचा चहा शिंप्याकडे आला. मग भात. मग कपडे वाळत घालणं, आणि तेही झटकून घालायचे, बोळा करून नाही. गॅस बंद केला का, हे ती त्याला रोज विचारायची आणि स्वतः मात्र खुर्चीवरून उठायची नाही. शेजारच्या न्हाव्याला त्यानं सांगितलं की तिकडे जायच्या आधीच हिला तिकडचं वारं लागलंय. न्हावी म्हणाला, माझ्या बायकोला तर न जाताच लागलंय.

भरीला ब्लाऊजची कटकट. ढगळ होतोय म्हणून तिनं ब्लाऊज मशीनवर आणून ठेवला. त्यानं आत घेतला. महिनाभरात पुन्हा तोच. शिंपी चिडला. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाचं माप नुसत्या नजरेनं सांगणारा तो, त्याच्या हातचं शिवण कधी परत आलं नव्हतं. दोष कापडाचा होता. धुतल्यावर सैल पडतंय. कापडवाल्याला एकदा धरायचं त्यानं ठरवून टाकलं. बायकोला टेप लावायचा प्रश्नच नव्हता. घरच्या माणसाचं माप कोण घेतं? तिचे ब्लाऊज तो लग्नानंतर कधीतरी कापलेल्या कागदावरच बेतत आला होता.

एवढ्यात भाव चढायला लागला. चढतच गेला. बँकेतल्या माणसानं सांगितलं, घाई करू नका, वर्षाअखेर उतरेल. आणि नेमकं तेव्हाच मुलीनं चौथं घर दाखवलं. तळमजला. शेजारी खानावळ, समोर धोबी, आणि मुलीच्या दारापर्यंत नाकासमोर सरळ रस्ता.

“हे घ्या,” बायको म्हणाली.

शिंप्याचा तोल गेला. “भाव जमिनीवर होता तेव्हा तुला जिने दिसत होते. आता आभाळाला टेकलाय तर घ्या? थोडं थांब. उतरेल.”

“उतरेल ना,” ती म्हणाली. “पण मला नाही थांबायचं.”

त्या दिवशी रागानं तो जेवणार नव्हता. पण भात त्यानंच लावलेला होता, आणि पहिल्यांदाच चांगला मोकळा झाला होता. त्यामुळे जेवला. बायकोनं दोन घास चाखले, मान डोलावली आणि ताट सरकवलं.

शेवटी त्यानं घर घेतलं. दुकानाचे सगळे पैसे गेले. उतरल्या भावात ह्यात आणखी एक खोली आली असती, हे तो जो भेटेल त्याला सांगत सुटला. घर त्याच्या एकट्याच्या नावावर झालं, कारण बायकोला सह्यांची कटकट नको होती. पासपोर्टच्या फोटोसाठीही तो तिच्या मागे लागून थकला. सध्या चेहरा बरा दिसत नाही म्हणून ती टाळत होती. ह्या वयात हिला सुंदर दिसायचंय, म्हणून त्यानं तेही सोडून दिलं.

मग एका दुपारी मुलीचा फोन आला. ती सामानाच्या दुकानात उभी होती.

“बाबा, तुमचं दोघांचं भांडण झालंय का?”

“ते कधी नसतं? का गं?”

“आईला विचारलं, पलंग कसा घेऊ. तर म्हणते, एका माणसाचा घे. दुसरा घेऊ नकोस म्हणते.”

शिंप्यानं फोन खाली घेतला आणि बायकोला फैलावर घ्यायला मागे वळला. ती मशीनपाशीच उभी होती. हातात तोच ब्लाऊज होता.

“एवढा एकदा आत घ्या,” ती म्हणाली. “पुन्हा नाही सांगणार.”