पंच्याण्णव अंश

तीनदा मोजले तरी अर्ज चौदाच भरले. रसायनाच्या बाईंनी ते फायलीत परत ठेवले आणि घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन वाजले होते. चारला मुख्याध्यापक पुढच्या वर्षीच्या ऐच्छिक विषयांची यादी लावणार होते. पंधरा मुलं नसतील तर विषय बंद, हा त्यांचा नियम, आणि ते नियमाचे पक्के. संगणकाला नव्वद मुलं होती, रसायनाला चौदा.

बंद म्हणजे प्रयोगशाळेला कुलूप आणि बाईंना ग्रंथालयातली कोपऱ्यातली खुर्ची. बावीस वर्षं त्यांनी या खोलीत काढली होती. टेबलावरचा कुठला डाग कुठल्या कार्ट्याने पाडला, तेही त्यांना तोंडपाठ होतं. सकाळपासून त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

नववीतली एक मुलगी तेवढी उरली होती. अबोल, पण वर्गात सगळ्यांत हुशार. तिच्या अर्जावर विज्ञानाचा रकाना कोरा होता. बाईंनी शिपायाला तिला बोलवायला पाठवलं आणि बर्नरवर चहासाठी पाणी ठेवलं. या डोंगरावरच्या गावात पाणी भसाभसा उकळतं, पण चहाला रंग चढत नाही आणि बटाटे तासभर शिजत नाहीत, अशी त्यांची रोजची कुरकुर असे. शिपाई म्हणायचा, बाई, इथली माणसंही तशीच, पटकन तापतात पण शिजत नाहीत.

मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"अगं, ये ना आत. तुझ्यासारखीने रसायन घ्यायचं नाही, तर कुणी घ्यायचं?"

"नको, बाई."

"अवघड वाटतं का?"

"नाही. आवडतं खूप." मुलीने खाली बघितलं. "पण मला नीट दिसतच नाही, बाई. पाणी उकळायच्या प्रयोगात मी चार वेळा बघितलं. चारही वेळा पंच्याण्णव. तुम्ही खोडून शंभर केलंत. वर्गात सगळ्यांचं बरोबर आलं होतं, माझं एकटीचं चुकलं. जिला साधं पाणी उकळताना बघता येत नाही, तिने पुढे काय करायचं?"

बाईंना हायसं वाटलं. एवढंसंच कारण होतं तर.

"वेडी आहेस. सरावाने येतं ते. बाकीच्यांना जमलं, तसं तुलाही जमेल."

मुलीने मान हलवली. तिने घरी सराव करून पाहिला होता म्हणे, खूपदा. मग ती "येते, बाई" म्हणाली आणि गेली. थोड्या वेळाने शिपाई येऊन चौदा अर्जांची फाईल घेऊन गेला. बाईंनी त्याला थांबवलं नाही.

बर्नरवर पाणी खळखळत होतं. पोरीचा त्यांना राग आला होता आणि कीवही आली होती. उद्या हिला समोर बसवून दाखवतेच, असं म्हणत त्यांनी तापमापी पाण्यात धरली. पारा चढला आणि पंच्याण्णवला थांबला. बाईंनी वाट पाहिली. तो हलला नाही. त्यांनी दुसरी तापमापी घेतली, मग खोक्यातली कोरी करकरीत तिसरी.

उंचावर पाणी शंभराच्या आतच उकळतं, हे पुस्तकातच होतं, शेवटून दुसऱ्या धड्यात. तो धडा त्या दरवर्षी शिकवत आल्या होत्या.

तपासणीसाठी जपून ठेवलेल्या प्रयोगवह्यांचं कपाट त्यांनी उघडलं आणि अगदी खालचा, पहिल्या वर्षीचा गठ्ठा सोडला. पहिल्या वहीत पंच्याण्णव होतं, वर त्यांची लाल रेघ आणि शेजारी त्यांच्याच अक्षरात शंभर. दुसऱ्या वहीत तेच. तिसऱ्या वहीतही तेच. त्या वर्षीच्या तीसच्या तीस वह्यांत.

दुसऱ्या वर्षी असे आकडे वीस होते. मोठ्या भावंडांनी धाकट्यांना सांगून ठेवलं असणार. मग अकरा, मग सहा. लाल रेघा दरवर्षी कमी होत गेल्या होत्या, आणि आपलं शिकवणं सुधारतंय म्हणून बाई दरवर्षी खूश होत गेल्या होत्या. यंदा रेघ उरली होती एकच.