चार लाखांचं गाढव

लिलावात नवा घोडा घ्यायला निघालेल्या हॉलिस्टरची मोटार एका बग्गीमागे अडकली. बग्गीत मोटारीला हात न लावणाऱ्या आमिश पंथातला म्हातारा होता.

"हाण की बाबा तुझं खेचर!" हॉलिस्टरने हॉर्न बडवला आणि मोटार पुढे काढली. तसा मागचा घोडा सुटला. मान ताणून, लगाम न जुमानता मोटारीच्या मागे लागला. दोन चाकांच्या हलक्या गाडीला जुंपलेल्या घोड्यांची शर्यत धावत्या मोटारीमागूनच सुरू होते. त्या सवयीचं जनावर दुसरं काय करणार?

"अगं रोंडा, हा तर शर्यतीचा निघाला!" हॉलिस्टर मोटार थांबवून चेकबुक काढतच उतरला. "बोला आजोबा, दहा हजार डॉलर?"

त्याच्या तबेल्यात घोडे सांभाळणारी रोंडा पुढे झाली, तर घोड्याने थेट तिच्या जाकिटाच्या खिशात तोंड खुपसलं. त्याच्या गुडघ्यावरून हात फिरवत ती पुटपुटली, "आजोबा, याला पुन्हा शर्यतीत धाडू नका. पाय नाही टिकायचा."

"विकायचा नाही," म्हातारा म्हणाला.

"वीस! चला, तीस!"

"आणि रविवारी आम्हाला प्रार्थनेला तुम्ही ओढून नेणार का?"

हॉलिस्टर चरफडत मोटारीत बसला. "पाहिलंस, रोंडा? याला म्हणतात घोडा! माझी नजर कधी चुकत नाही. नाहीतर आपला तो कॅप्टन, चार लाखांचं गाढव! बरं झालं, लंगडायला लागल्याबरोबर बाजारात फुंकून टाकला."