मधल्या ओळी

सर्व्हरच्या खोलीत नेत्राने शेवटची कमांड टाकली आणि हुश्श केलं. आता कारखान्याच्या कॉम्प्युटरवर कोणीही ॲडमिनचा अधिकार वापरला, की नाव, वेळ, काय केलं, सगळं नोंदलं जाणार होतं. एक नोंद इथे, दुसरी मुंबईच्या ऑफिसात, तिथे तिचा साहेब सुजित बघत बसला होता. ती मुंबईतली नोंद इथून कोणाच्या बापाला पुसता येणार नव्हती. गेल्या महिन्यात गॅसगळतीचा भोंगा कोणी बंद केला, यावर सगळ्यांनी हात वर केले होते. आता बघू म्हणावं!

तेवढ्यात पहिली ओळ उमटली. ‘नेत्रा. अकरा वीस. भोंगा बंद.’

तिचे हात तर मांडीवर होते.

मग आठवलं. भावाच्या लग्नाला माणगावला जाताना तिनेच आपला पासवर्ड कागदावर लिहून कंट्रोल रूममधल्या चाव्यांच्या खिळ्याला अडकवला होता. आल्यावर काढायला विसरली बया.

नोकरी गेली, एवढंच तिला सुचलं. घाईघाईने तिने ओळ पुसली. इथली गेली, मुंबईतली हलेना. पुन्हा पुसली, पुन्हा. घामाने बोटं घसरत होती. शेवटी तिने कंट्रोल रूमला फोन लावला.

“हरेश्वरदादा, भोंगा तुम्ही बंद केलात?”

“व्हय. सकाळपास्नं दोनदा फुकट बोंबलला. खिळ्यावरची चावी लावली. सगळे तीच लावतात.”

“अहो, तो माझा पासवर्ड आहे!”

“ते ऱ्हाऊ द्या, म्याडम.” हरेश्वर खोकला. “आता खराच वास येतोय. भोंगा परत चालू व्हत न्हाय. तुम्ही करा, लवकर.”

कुंपणाच्या भिंतीपलीकडे बालवाडी होती. तिची लेक केसर तिथेच होती.

नेत्राने भोंगा चालू केला. तो कानठळ्या बसवत ओरडू लागला. ती खिडकीशी धावली. बालवाडीच्या बाई तोंडाला पदर लावून मुलांना ओढत बाहेर काढत होत्या. केसर कुठे दिसत नव्हती. नेत्रा दाराकडे वळली तोच हातातला फोन वाजला. सुजित होता.

“नेत्रा, अकरा वीसला भोंगा बंद, अकरा एकतीसला चालू. तुझंच नाव आहे,” तो म्हणाला. “मधली अकरा मिनिटं तू काय पुसत होतीस गं?”