घरचा पेशंट

सासूबाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि तो नाकातून रुमालावर आला. सकाळीच मुलाने स्वतःच्या दवाखान्यात आईच्या वरच्या जबड्यात नव्या दातासाठी स्क्रू बसवला होता. सुनेने, तीही दातांचीच डॉक्टर, तडक स्कॅन काढला. गालामागच्या, नाकात उघडणाऱ्या सायनसच्या पोकळीत हाडाची एक जादा पातळ भिंत होती. तिच्यावरून ड्रिल घसरून, पोकळीचं अस्तर फाटून स्क्रू आत पडला होता. “आधी स्कॅन का नाही काढलास?” “घरच्या माणसाला कशाला, म्हटलं,” नवरा पुटपुटला. वर म्हणाला, “अशी भिंत सगळ्यांना कुठे असते?” सासूबाईंनी ओशाळून रुमाल मुठीत लपवला. “माझंच मेलं हाड वाकडं. त्याला नको बोलूस.” सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्यांच्या मुठीतला ओला रुमाल ओढून नवऱ्याच्या हातात कोंबला. “हाड जन्मापासून तिथेच होतं! परक्याचा जबडा तू दहादा तपासतोस, कारण परका कोर्टात जातो. आई कुठे जाणार?”