ओ न देणारं घर

बाळांनो, डोळे मिटा आणि एक अंधारं घर मनात आणा. भुताच्या खेळासाठी सोलापूरच्या चाळीत गिरिजानं ते रचलं होतं. ती सांगायची, पोरं त्या घरातून मनानं फिरायची. साप, विहीर, हेडमास्तर, एकेका पोराची भीती वापरून झाली होती, म्हणून आज तिनं स्वतःची घातली. “आत कुणालाबी हाक मारा, ओ येत न्हाय.” “ह्यात भूत कुटंय गं?” पोरं हसली. धाकटी बहीण शांता उठली. “मी अप्पाला हाक मारते. अप्पा देतोय की ओ.” गिरिजा गारठली. दुपारी मिरजेच्या दवाखान्यातून त्यांचे वडील, अप्पा, वारल्याची तार आली होती. आई गिरणीत होती. गिरिजानंच तार वाचून परकराच्या खिशात लपवली. “अप्पा!” शांतानं हाक मारली. पोरं गिरिजाकडे बघू लागली. “अप्पा!” दुसरी हाक रडवेली होती. गिरिजानं आवाज जाड करून ओ दिली.